शिंकर

सीबच्या आमच्या बालवर्गात
गालिच्यावर मधोमध निळी चिकटपट्टी आहे.
खिडकीकडे इंग्रजी, दाराकडे अरबी.
पट्टी ओलांडली की भाषा बदलायची,
घरात शिरताना चपला काढतो तशी.
मिस ऑर्ला तिकडे, उस्ताझा रहमा इकडे,
दोघी एकमेकींच्या हद्दीत पाय ठेवत नाहीत,
चहा प्यायलासुद्धा.

मी मदतनीस. एप्रनवर नाव: मिस कुंदा.
सही घेतानाच सांगितलं होतं,
मुलांशी फक्त इंग्रजी. सुचलं नाही तर हसा.
पहिले तीन महिने मी इतकी हसले
की रात्री जबडा दुखायचा.

पण ज्यानं वर्गाचा नकाशा काढला
तो न्हाणीघर विसरला.
चार बुटके नळ, तीन बुटके संडास,
आणि निळी पट्टी उंबऱ्यापाशीच संपते.
आत कुठली भाषा, हे कागदात नाही.
आत मी एकटी आणि रांगेत बारा पोरं,
कुणाची चड्डी ओली, कुणाच्या बाहीला भात,
कपड्यांना घरच्या लोबानाचा वास
आणि सकाळपासून एसी,
म्हणून बाराही नाकं वाहती.

अशा वेळी तोंडातून जे निघतं ते निघतं.
झुवैनाच्या नाकाला कागद लावला
आणि म्हणाले, शिंकर.
ती शिंकरली.
अझ्झान, शिंकर.
तोही.
हा शब्द आधी नाकाला कळतो,
कानाला मागाहून.

नोव्हेंबरात पालक वर्ग बघायला आले.
पांढऱ्या दिशदाशा, काळे अबाया, गुडघ्याएवढ्या खुर्च्या.
अझ्झान रडत होता, कशावरून ते आठवत नाही.
झुवैना उठली, बरोब्बर पट्टीवर उभी राहिली,
त्याच्या नाकाला कागद लावला
आणि खणखणीत म्हणाली, शिंकर!

टाळ्या पडल्या.
मिस ऑर्लाला वाटलं, अरबी.
उस्ताझा रहमाला वाटलं, इंग्रजी.
झुवैनाच्या आईला वाटलं, सासूची स्वाहिली,
झांझिबारहून आलेली.
सासूबाईंनी कानामागे हात धरून
पुन्हा म्हणायला लावलं,
आणि मान हलवली: आमची नाही.
मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी हसले.
तसंच तर सांगितलं होतं.

रात्री खोलीवर हिशेब केला,
नोकरी गेली तर चिपळूणच्या शाळेची फी किती महिने भागेल.
तेवढ्यात दुर्वाचा फोन. तिचंही नाक चोंदलेलं.
म्हटलं, आधी शिंकर, मग बोल.
आई, इंग्लिशमधून सांग ना,
आमच्याकडे मराठी शब्दाला दहा रुपये दंड आहे.
घरीसुद्धा?
सवय राहावी म्हणून, टीचर म्हणतात.
बरं. माझ्या नावावर मांडून ठेव.

सकाळी मिस ऑर्ला वही घेऊन आली.
रागावली नव्हती. म्हणून बघत होती,
शिन्-कर, शिंगर, शिंकऽर.
तिच्या आजीचीही म्हणे एक भाषा होती, आयर्लंडात;
हिला त्यातले फक्त
गायीला हाकलायचे शब्द येतात.
मग पांढरं कार्ड पुढे केलं:
लिही. नळावर लावू.

मी पेन धरलं आणि अडले.
आठ वर्षं याद्या, पावत्या, पत्ते,
सगळं दुसऱ्याच अक्षरांत.
शिं ऱ्हस्व की दीर्घ,
हे विचारायला सीबमध्ये कोण होतं?
लिहिलं शेवटी. वर रेघ ओढली,
थोडी वाकडी आली.

आता कार्ड नळावर आहे, पोरांच्या उंचीला,
पाणी उडून एक कोपरा सुटलाय.
वाचता कुणालाच येत नाही.
झुवैना रोज ओलं बोट
त्या रेघेवरून फिरवते,
उजवीकडून डावीकडे,
र पासून शिं पर्यंत,
आणि शब्द सरळ म्हणते.